भिरूड : आधीची जयणा

आषाढातील एका संध्याकाळी ओसरीवरील दिव्याखाली एक मोठा भुंगेरा येऊन बसला. राखाडी-तपकिरी अंग, मानेमागे दोन तांबूस ठिपके आणि शरीराहूनही लांब मिशा. नातवाने चप्पल उचलली. आजीने त्याचा हात धरला आणि तो जीव कागदावर घेऊन अंगणात सोडला. समाधान वाटले, पण अंगणातच आमचा केसर आंबा उभा होता आणि आलेला पाहुणा होता आंब्याचा भिरूड!

लांब मिशांच्या या भुंगेऱ्यांच्या जगभरात ३०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांच्या अळ्या बहुधा लाकूड पोखरून वाढतात. वठलेल्या खोडांची माती करणे, हे त्यांतील अनेकांचे निसर्गाने नेमलेले काम. आंब्याचा भिरूड मात्र जिवंत झाडातही शिरतो. मादी सालीच्या भेगेत किंवा जखमेत अंडे घालते. बिनपायांची पांढुरकी अळी महिनोन्महिने खोड पोखरत राहते. छिद्रातून भुसा गळताना दिसतो, तेव्हा पुष्कळदा फांदी वाळू लागलेली असते. मग माळी छिद्रात तार घालून अळी मारतो, अथवा औषध सोडतो. झाड वाचवावे तर जीव जातो, जीव राखावा तर झाड जाते.

आपल्या बीड जिल्ह्यात हा पेच कठीण होतो, कारण अवर्षणाने खचलेले झाड या किडीला लवकर बळी पडते. म्हणून विवेक आधीच हवा. उन्हाळ्यात झाडाला शक्य तेवढे पाणी व आच्छादन द्यावे. बुंध्याला कुऱ्हाडीचे घाव होऊ देऊ नयेत. छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी. वाळक्या फांद्या वेळीच काढाव्यात. पावसाळ्यात दर आठवड्याला बुंधा निरखावा.

आपल्या घरांत धान्य भरण्यापूर्वी ते उन्हात वाळवतात, निवडतात. कीड पडल्यावर हळहळण्यापेक्षा ती पडूच नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची दृष्टी. दिव्याखालचा जीव उचलून अंगणात सोडणे ही जयणा खरीच. परंतु अंगणातले झाड निरोगी राखणे, ही तिची पहिली पायरी आहे. त्या रात्री आजीने केले ते योग्यच होते. चुकलो होतो आम्ही. वर्षभर आंब्याच्या बुंध्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.