आणखी काय चालू आहे?

बाबांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून आमच्या घरात एका गोळीचा भारी दरारा आहे. असिनोकुमॅरॉल, रक्त पातळ ठेवणारी. दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी. आकडा २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा. कमी झाला तर झडपेवर गुठळी व्हायची भीती, वाढला तर रक्तस्रावाची.

तर झालं असं, की मागच्या पावसाळ्यात बाबांचं पोट बिघडलं. ऑफिसातून येताना मी नाक्यावरच्या मेडिकलपाशी थांबलो. स्कूटर बंदसुद्धा केली नाही. "जुलाबावर काहीतरी द्या हो." काउंटरवरच्या मुलाने मेट्रोनिडॅझोलची पट्टी कापून दिली. एक मिनिटही लागलं नाही.

पाचव्या दिवशी बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेचना. आयएनआर ७ च्या वर! दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या. बाबा आता ठणठणीत आहेत, पण त्या दोन रात्री मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी समजावलं. असिनोकुमॅरॉल शरीरात ज्या एन्झाइममुळे मोडली जाते, त्यालाच मेट्रोनिडॅझोल अडवतं. मग डोस नेहमीचाच, पण गोळी साठत जाते. या दोघांचं पटत नाही, ही काही नवी माहिती नाही. फार्मसीच्या पुस्तकांत ती आहे.

आधी मी त्या मुलावर चिडलो. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती. फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत, आणि फार्मासिस्टचा पत्ता नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे गिऱ्हाइकाला औषधांबद्दल सल्ला देणं हे फार्मासिस्टचं काम आहे, औषधांची आपापसातली भांडणंही त्यात आली.

"या लोकांना काही येत नाही" असं म्हणून मोकळं होता येतं. पण मला वाटतं, ज्ञानाच्या आधी प्रश्न येतो. औषधांच्या हजारो जोड्या कुणालाच पाठ होणार नाहीत. नेहमीच्या पाच-पंचवीस धोक्याच्या जोड्या पाठ होतात, बाकीच्या कॉम्प्युटर दाखवतो. मात्र त्यासाठी "आणखी काय चालू आहे?" हे विचारायला हवं. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, त्वचेचे वेगळे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. या सगळ्या चिठ्ठ्या जिथे एकत्र येऊ शकतात, अशी जागा म्हणजे मेडिकलचं काउंटर.

आणि आपण? दहा टक्के सवलत कुठे मिळते ते बघून दुकान बदलतो.

आईच्या माहेरच्या गावी एक फार्मासिस्ट बाई आहेत. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या, हे आईला त्यांनी सांगितलं. कुठल्याही डॉक्टरने नव्हे. त्याच बाई एकदा माझ्या पुढच्या आजोबांना असंच काही समजावत होत्या, तेव्हा मागून "अहो, जरा लवकर करा" म्हणणारा मीच होतो. आता आठवलं की लाज वाटते.

असो. आता बाबांच्या सगळ्या औषधांची यादी माझ्या पाकिटात असते. मेडिकलवाल्याने विचारलं नाही तरी मी ती काउंटरवर ठेवतो आणि फार्मासिस्टला बोलवा म्हणतो. मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. काकू, आत्या, तुम्हीही आजच यादी करा बघू!