बायपोलर असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की उपचारांचं काय?

'आता तर एकदम नॉर्मल वागतोय, मग गोळ्या कशाला?' बायपोलर डिसऑर्डर असलेल्या मुलाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. १८ वर्षांपर्यंत त्याचं उत्तर पालक देतात. त्यानंतर ते मुलाला स्वतः द्यायचं असतं.

बायपोलर म्हणजे नेमकं काय?

तासातासाला मूड बदलणं म्हणजे बायपोलर नव्हे. यात मेनिया आणि नैराश्य असे टप्पे येतात आणि ते अनेक दिवस किंवा आठवडे टिकतात. मेनियात झोप खूप कमी होते, तरी थकवा जाणवत नाही. बोलणं, खर्च, धाडस सगळंच वाढतं. मधल्या काळात मूल पूर्वीसारखं दिसतं आणि नेमक्या त्याच वेळी उपचार सुटण्याचा धोका असतो.

गोळ्या बंद केल्या तर?

लिथियम अचानक थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. ते सुरू असताना रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठराविक काळाने कराव्या लागतात. उलट्या-जुलाब झाले किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर हे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. म्हणून डोस परस्पर कमी-जास्त करू नका.

१८ नंतर काय बदलतं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' त्याचा कायदेशीर पालक असतो. रुग्णालयात दाखल करण्याचा अर्ज तोच करतो. १८ पूर्ण झाल्यावर मात्र हा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मुलाला मिळतो. निर्णयक्षमता असेल, तर उपचारांना संमती त्याचीच लागते. त्याची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं. त्याला अपवाद आहेत, पण 'मी आई आहे, मला सगळं सांगा' एवढं पुरत नाही.

काही पालकांना हा कायदा अडचणीचा वाटतो. पण हाच कायदा त्या मुलाला मनाविरुद्धच्या उपचारांपासून संरक्षणही देतो. खरी अडचण वेगळी आहे. अनेक वर्षं गोळी हातात आयती मिळालेल्या मुलाकडून आपण एका वाढदिवसानंतर सगळी जबाबदारी घेण्याची अपेक्षा करतो.

मग तयारी कधीपासून करायची?

चौदा-पंधराव्या वर्षापासून.

• प्रत्येक भेटीत काही मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.
• औषधाचं नाव, डोस आणि ते कशासाठी आहे, हे त्याला माहीत हवं.
• झोपेची आणि मूडची नोंद त्यालाच ठेवू द्या. झोप कमी होणं ही अनेकदा पहिली खूण असते.
• तब्येत चांगली असताना एकत्र बसून लिहा : त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, पैशांचे व्यवहार कोणी सांभाळायचे.
• १८ नंतर त्याला साध्या कागदावर प्रतिनिधी नेमता येतो. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याची आगाऊ सूचनाही देता येते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के प्रौढांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं होतं. तुमचं मूल त्यात जाऊ नये, यासाठी गोळी त्याच्या हातात देण्याबरोबरच निर्णयही हळूहळू त्याच्या हातात द्या.

मदत हवी असल्यास टेली-मानस हेल्पलाइन : १४४१६. ही सेवा मोफत आहे आणि २४ तास सुरू असते. जिवाला धोका वाटत असेल, तर थेट जवळचं रुग्णालय गाठा.