पक्षाने नाकारले, फॉलकर्कने निवडले

स्कॉटलंडच्या नव्या संसदेची पहिली निवडणूक 1999 साली झाली. तिच्यासाठी इच्छुकांची छाननी करायला लेबर पक्षाने निवड समिती नेमली आणि या समितीने डेनिस कॅनव्हन यांना उमेदवारीच्या यादीतून वगळले. कॅनव्हन ऑक्टोबर 1974 पासून सलग हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य होते. लंडनच्या सभागृहात पक्षाला चालणारा माणूस एडिंबरोत चालेनासा झाला. मतदारसंघातले कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. कॅनव्हन अपक्ष उभे राहिले, त्यापायी त्यांना पक्ष सोडावा लागला. 6 मे रोजी फॉलकर्क वेस्टच्या मतदारांनी त्यांना 12,192 मतांच्या आघाडीने निवडून दिले. त्या निवडणुकीतले ते सर्वांत मोठे मताधिक्य होते.

फाइफमधल्या काउडनबीथ या कोळसा खाणींच्या गावात 1942 मध्ये जन्मलेले कॅनव्हन पेशाने गणिताचे शिक्षक. पक्षाच्या डाव्या गटातले, पटले नाही तर स्वपक्षाविरुद्ध मत देणारे. स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ हवे, ही त्यांची जुनी मागणी. 1979 च्या सार्वमतात 51.6 टक्के मते विधिमंडळाच्या बाजूने पडली. पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार हवा, अशी अट कायद्यात होती आणि तो जेमतेम 33 टक्के भरला. योजना बारगळली. 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्क्यांनी कौल दिला, तेव्हा कुठे संसद आली. ज्या संसदेसाठी दोन दशके आग्रह धरला, तिचेच दार कॅनव्हन यांना बंद झाले होते.

उमेदवार निवडण्याचा पक्षाचा अधिकार कुणी नाकारणार नाही. बहुसंख्य मतदार पक्ष पाहून मत देतात, जाहीरनाम्याची जबाबदारी पक्षावर असते, त्यामुळे शिस्तीचा आग्रहही रास्तच. मात्र 25 वर्षे निवडून येणारा प्रतिनिधी अपात्र कसा, हे त्याच्या मतदारांना पटेल असे सांगता आले पाहिजे. ते सांगता आले नाही की गुणवत्तेची चाळणी ही नावडत्यांना गाळण्याची सोय वाटू लागते. फॉलकर्कमध्ये तेच झाले.

अपक्षाच्या मर्यादाही याच कारकिर्दीत दिसतात. 129 सदस्यांच्या सभागृहात कॅनव्हन यांचे मत एकच. तरी 30 नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यू दिन सुट्टीचा व्हावा, म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणले. सरकार आधी राजी नव्हते, विधेयक पुन्हा समितीकडे गेले. कॅनव्हन यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि 2007 मध्ये कायदा झाला. त्याने मालकांवर सुट्टीची सक्ती केली नाही, पण राष्ट्रीय दिनाला कायद्यात स्थान मिळाले. एकट्या सदस्याला विधेयक मांडू देणारे नियम आणि विरोधकांना राजी करण्याची चिकाटी, दोन्ही असल्यामुळेच हे घडले.

2003 मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले. 2007 मध्ये कौटुंबिक कारणांमुळे ते निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्त झाले. पुढे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या ‘येस स्कॉटलंड’च्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 2014 च्या सार्वमतात 55.3 टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला. विकेंद्रीकरणाचा हा पुरस्कर्ता वयाच्या सत्तरीनंतर आपल्या जुन्या पक्षाच्या थेट विरोधात उभा राहिला होता.

त्यांच्या यशाचा अर्थ लावताना आणखी एक निकाल विसरता येणार नाही. 2000 मध्ये त्यांनी हाउस ऑफ कॉमन्सची जागा सोडली, तेव्हा पोटनिवडणुकीत तीच जागा लेबरने थोडक्या फरकाने राखली. म्हणजे फॉलकर्कने पक्षाशी नाते तोडले नव्हते, पक्षाचा एक निर्णय तेवढा फेटाळला होता. हा भेद मतदार करतात, हे पक्षश्रेष्ठींनी ओळखायला हवे. उमेदवारी नाकारायची तर कारणे उघड सांगावीत आणि स्थानिक सदस्यांच्या मताला निर्णायक वजन द्यावे. पक्षशिस्त त्याने दुबळी होत नाही, उलट तिला लोकांची मान्यता मिळते.