एक कोयता, माणसं दोन

पिंगळी स्टेशनावरून परभणीला अप-डाऊन करणाऱ्यांना लॉकडाऊन म्हटलं की बंद रेल्वे अन् मोबाइलवरचं कॉलेज आठवतं. पण आपल्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली जोडपी तेव्हा कारखान्यांजवळच्या कोप्यांत अडकली होती. राज्यात असे लाखाहून जास्त मजूर! १७ एप्रिल २०२० ला सरकारनं तपासणी करून त्यांना गावी जायची मुभा दिली.

या कामात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल एकच, हिशेबही एकच, अन् पैसा बहुतेक नवऱ्याच्या हाती. ती ऊस तोडते, मोळ्या वाहते, वर चूलही तिचीच. महामारीत दोघं सारखेच अडकले. मग मजुरीच्या वहीत ती वेगळी का दिसू नये? तिची मजुरी तिच्या खात्यात, एवढं तर आपण मागूच शकतो. पटतंय ना?