विश्लेषण : सेकंड हँड आलिशान सेडान घेताय? पेट्रोल की डिझेल, हा हिशेब मायलेजवर संपत नाही

चाकणमध्ये तयार झालेली मर्सिडीज-बेंझ ई-क्लास २०१७ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५६ लाखांच्या पुढे होती. त्या काळातल्या गाड्या आज निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी दारात उभी राहू शकते, हे कळल्यावर अनेकांची बोटे सेकंड हँड गाड्यांच्या अ‍ॅपकडे वळतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पेट्रोल घ्यावी की डिझेल? बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर मायलेजमध्ये शोधतात आणि अनेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

डिझेल स्वस्त, हा समज आला कुठून?

हा समज एके काळी अगदी बरोबर होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलवरचे सरकारी नियंत्रण मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर पोहोचले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक आणि वर डिझेलचे मायलेज जास्त. त्यामुळे आलिशान गाड्यांच्या बाजारातही डिझेलचाच बोलबाला होता. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या २०१२ ते २०१८ च्या आलिशान सेडानमध्ये डिझेल गाड्या इतक्या दिसतात, त्याचे कारण हेच.

आता दोन्ही इंधनांचे दर बरेच जवळ आले आहेत. दरातली मोठी तफावत गेली आणि डिझेलकडे उरला तो मुख्यतः मायलेजचा फायदा.

प्रत्यक्षात किती पैसे वाचतात?

हिशेबासाठी मुंबईच्या आसपासचे दर धरू. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये. शहर आणि महामार्ग मिळून पेट्रोल सेडान लिटरला १० किलोमीटर जाते आणि डिझेल १४, असे समजू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १० रुपये ४० पैसे येतो, डिझेलचा साधारण साडेसहा रुपये. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ४ रुपये वाचतात.

आता समजा, त्याच वयाची आणि त्याच अवस्थेतली डिझेल गाडी दीड लाख रुपयांनी महाग आहे. हा फरक भरून निघायला साडेसदतीस हजार किलोमीटर चालवावे लागेल. वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी जवळपास पावणेपाच वर्षे लागतील. वर्षाला २० हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतील.

इथपर्यंतचे गणित सोपे आहे. ८ हजारवाल्याची वर्षाची बचत ३२ हजार रुपये. आलिशान डिझेल गाडीचे एक मोठे दुरुस्तीचे बिल अशा दोन-तीन वर्षांची बचत सहज खाऊन टाकते. म्हणून इंधनाच्या बिलाआधी इंजिनाचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

रोज ८ किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीचे काय होते?

आधुनिक डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल मोटारींत ती असतेच. अनेक आलिशान गाड्यांत ती त्याआधीपासून आहे.

ही जाळी भरली की गाडी स्वतःच ती साफ करते. इंजिन जास्तीचे इंधन वापरून एक्झॉस्टचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी १५-२० मिनिटे एका बऱ्यापैकी वेगात सलग चालावी लागते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर हे काम चालकाला कळतही नाही. दादर ते बीकेसी किंवा बाणेर ते हिंजवडी असा रोजचा थांबत-थांबत प्रवास असेल, तर ही सफाई मध्येच तुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते.

अर्धवट सफाईत वापरलेले जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि त्याचा फटका टर्बो व बेअरिंगला बसतो. ईजीआर व्हॉल्व्हवरही काजळी साचते. इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप, टर्बो आणि डीपीएफ हे सगळे महागडे भाग आहेत. गाडीची किंमत निम्म्यावर आली म्हणून त्यांची किंमत निम्म्यावर येत नाही. सेकंड हँड आलिशान गाडी घेणाऱ्याने ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. गाडी २० लाखांची झालेली असते, तिचे सुटे भाग मात्र ५६ लाखांच्या गाडीचेच असतात.

मग पेट्रोल गाडी बिनघोर घ्यावी का?

तसेही नाही. पेट्रोल इंजिनाला छोट्या फेऱ्या तुलनेने मानवतात. ते लवकर तापते, आवाज कमी करते आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत डीपीएफची कटकट नसते. पण आजची आलिशान पेट्रोल इंजिनेही टर्बो आणि थेट इंधन फवारणारी, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची असतात. त्यात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो आणि ठरावीक काळाने तो साफ करावा लागतो.

काही इंजिनांची ख्याती जगभर झालेली आहे. फोक्सवॅगन समूहाच्या २०१० च्या आसपासच्या १.८ आणि २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांत ऑइल पिण्याच्या आणि टायमिंग चेन टेन्शनरच्या तक्रारी आल्या होत्या. डिझेलच्या बाजूला त्याच काळातले बीएमडब्ल्यूचे एन-४७ हे दोन लिटरचे इंजिन टायमिंग चेनसाठी बदनाम झाले. त्याची चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने काम आणखी वाढते. तेव्हा ‘पेट्रोल चांगले की डिझेल’ यापेक्षा ‘या वर्षीच्या या मॉडेलमध्ये नेमके कोणते इंजिन आहे’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

पेट्रोलवाल्यांसमोर दुसरा मुद्दा ई-२० चा आहे. पंपावरचे साधे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असे म्हटले होते. वरच्या हिशेबात ६ टक्के घट धरली, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ११ रुपयांवर जातो आणि डिझेलचा फायदा सुमारे ४ रुपये ६० पैसे होतो. दीड लाखांचा फरक भरून निघायला ८ हजारवाल्याला मग पावणेपाचऐवजी चार वर्षे लागतील. फरक पडतो, पण शहरात कमी चालवणाऱ्याचा निर्णय उलटावा इतका नाही. घ्यायच्या गाडीत किती इथेनॉल चालते, हे इंधन टाकीच्या झाकणावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दहा वर्षांच्या बंदीचे महाराष्ट्रात काय?

सर्वाधिक गोंधळ इथे आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली-एनसीआरपुरते आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये हा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले.

महाराष्ट्रात असा नियम नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी, पेट्रोल असो वा डिझेल, १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून दर ५ वर्षांसाठी ती वाढवता येते.

याचा अर्थ डिझेल गाडी कायमची सुरक्षित आहे, असाही नाही. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी व इलेक्ट्रिक वाहनांना परवानगी देता येईल का, याच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सात सदस्यांची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतल्यानंतरची ही घडामोड. उद्या काही निर्बंध आलेच, तर जुन्या डिझेलचा नंबर आधी लागण्याची शक्यता दिल्लीच्या अनुभवावरून दिसते. पाच वर्षांनी गाडी विकायची असेल, तर हा धोका आजच्या किमतीत धरायला हवा.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी आणावी का?

दिल्लीत दहा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या डिझेल गाड्यांना तिथे गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या स्वस्त असतात आणि इतर राज्यांत जातात. आकडा पाहून हुरळून जाण्याआधी पूर्ण खर्च मांडावा. मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. राज्यात नव्या गाडीच्या कराचे दरही इंधनानुसार वेगळे आहेत. २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के, तर डिझेलला १५ टक्के. हे सगळे धरल्यावर ‘स्वस्त’ गाडी किती स्वस्त उरते, ते पाहावे. शिवाय तिची बहुतेक वर्षे दिल्लीच्या वाहतूक कोंडीत गेली असतील, तर डीपीएफची अवस्था आधी तपासावी.

सगळ्या ब्रँडमध्ये पर्याय आहे का?

नाही. बीएस-६ आल्यावर ऑडी आणि श्कोडा यांनी भारतात डिझेल बंद केले. २०२० नंतरची ऑडी ए-४, ए-६ किंवा श्कोडा सुपर्ब हवी असेल, तर ती पेट्रोलच मिळेल. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूने डिझेल सुरू ठेवले. त्यामुळे ई-२०० की ई-२२० डी, ५३० आय की ५२० डी, असा खरा पेच मुख्यतः या दोन ब्रँडमध्ये पडतो.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

• गाडी थंड असताना सुरू करायला लावा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. थंड इंजिनातला चेनचा खडखडाट आणि धूर गरम झाल्यावर लपतो.

• डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. दाट काळी काजळी लागली, तर जाळी फुटलेली किंवा काढून टाकलेली असू शकते. डीपीएफ काढणे बेकायदा आहे.

• डिपस्टिक किंवा स्क्रीनवर ऑइलची पातळी पाहा. डिझेलमध्ये ती कमालपेक्षा वर असेल, तर ऑइलमध्ये इंधन मिसळत असण्याची शंका घ्या. पेट्रोलमध्ये ती खूप खाली असेल, तर इंजिन ऑइल पीत असावे.

• स्वतंत्र गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या. डीपीएफमधली काजळी, शेवटची यशस्वी सफाई आणि पुसलेले एरर कोड यांचा अंदाज येतो.

• चॅसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा आणि किलोमीटरचा आकडा त्याच्याशी जुळवा. वाहनच्या नोंदीत इंधन, उत्सर्जन निकष आणि कर्जाचा बोजा तपासा.

शेवटी घ्यावी कोणती?

शहरातल्या शहरात वर्षाला १० हजार किलोमीटरच्या आत चालवणार असाल, तर पेट्रोल. इथे डिझेलची बचत छोटी आणि धोका मोठा आहे. दर आठवड्याला कोल्हापूर-पुणे किंवा समृद्धी महामार्ग गाठणारे, वर्षाला १८-२० हजार किलोमीटरच्या पुढे जाणारे असाल, तर डिझेल. पण ती बीएस-६ असावी आणि सर्व्हिसचा पूर्ण इतिहास असलेली असावी. याच्या मधले असाल, तर इंधन बाजूला ठेवा आणि समोरच्या दोन गाड्यांपैकी जिची कागदपत्रे व इंजिन स्वच्छ आहे, ती घ्या. नीट सांभाळलेली पेट्रोल गाडी दुर्लक्षित डिझेलपेक्षा स्वस्तच पडते आणि उलटही तितकेच खरे आहे.

कोणतीही घेतली, तरी किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. २० लाखांच्या गाडीसाठी ही रक्कम दोन ते तीन लाख होते. ती बाजूला काढल्यावर बजेट कोलमडत असेल, तर ती गाडी पेट्रोलवरही परवडणारी नाही आणि डिझेलवरही.