मंत्र, अंगारा आणि औषध

पूर्णा तालुक्यात कडब्याची पेंढी उचलताना किंवा सरपणात हात घालताना विंचू चावला, की पूर्वी पहिली धाव मांत्रिकाकडे असे. आजही ती पुरती थांबलेली नाही. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

जादू, धर्म आणि विज्ञान ही एकाच घरात वाढलेली भावंडे. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारा न्यूटन वर्षानुवर्षे किमयेच्या भट्टीपुढे बसत असे. आपल्या पंचांगात तर ग्रहणाचे गणित आणि ग्रहणाचे वेध आजही शेजारी शेजारी नांदतात.

मग फरक कुठे पडतो? हिशेबात! विंचवाचा दंश बहुतेक वेळा वेदनांवरच निभावतो. सापही बरेचसे बिनविषारी असतात. उतार आपोआप पडतो आणि श्रेय मंत्राला मिळते. जो दगावतो, त्याचे खापर मात्र नशिबावर फुटते. मांत्रिकाच्या वहीत फक्त जमेची बाजू असते.

विज्ञान खर्चाची बाजूही मांडते. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाड परिसरात काम करू लागले, तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण दवाखान्यात येऊनही दगावत. त्यांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. विषाचा घाला हृदयावर पडतो, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले.

धर्माने यात भिण्याचे कारण नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावलेला नाही. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा मात्र गुन्हा ठरवला आहे.

पण केवळ कायद्याने सवय सुटत नाही. मांत्रिक रात्री दोन वाजताही दार उघडतो, ही त्याची खरी जादू. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात त्या वेळी दिवा, डॉक्टर आणि औषध असेल, तर मांत्रिकाचे दार कोण वाजवील? ही मागणी आपण ग्रामसभेत करायला हवी. घरच्यांनी ओठांवर देवाचे नाव खुशाल ठेवावे, अंगाराही लावावा. पण त्याआधी गाडी दवाखान्याच्या दिशेने निघालेली असावी.