जॅक निसटला!

बोट्स्वानातल्या निवडणुकीबद्दल वाचत होतो आणि नजर अडकली ती एका चिन्हावर. तिथल्या, तेव्हा सत्ताधारी असलेल्या बीडीपी पक्षाची खूण म्हणजे जॅक. हो, तोच, पंक्चर झालं की डिकीतून निघतो तो! लोक पक्षाला म्हणतातही ‘डोमक्राख’, आफ्रिकान्समधला जॅकच. 1966 ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून याच जॅकवर गाडी उभी होती, 58 वर्षं! 30 ऑक्टोबर 2024 ला मतदारांनी तो काढून घेतला. 61 पैकी उरल्या फक्त 4 जागा. गंमत म्हणजे मतांत पक्ष दुसरा, जागांत चौथा. मतदारसंघात सर्वाधिक मतं तो विजयी, ही पद्धत तिथेही आपल्यासारखीच. त्या पद्धतीनं इतकी वर्षं पोसलं, तिनंच शेवटी आपटलं. पण मला भावले ते मासिसी. मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य करून टाकला, आणि 1 नोव्हेंबरला नवे राष्ट्राध्यक्ष म्हणून डुमा बोको यांचा शपथविधीही झाला. परदेशी निरीक्षकांचे अहवाल ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावेत. माझ्या लेखी लोकशाहीची खरी परीक्षा मतदानाच्या रांगेत होत नाही, हरलेल्या माणसाच्या तोंडावर होते. आमच्या सोसायटीत मात्र मावळते सेक्रेटरी अजून किल्ल्या देईनात.